व्यासंग

मराठीत पत्त्यांचा नाद लागतो, पतंगाचा छंद जडतो आणि एखाद्या कल्पनेचा ध्यास घेतला जातो. व्यासंग मात्र करावा लागतो. हा शब्द संस्कृतातून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ केवळ आसक्ती, एखाद्या विषयाला चिकटून राहणे, एवढाच होता. आणि ही आसक्ती नेहमीच स्तुत्य असते असेही तिथे कोणी मानले नव्हते. मराठीने त्या आसक्तीत परिश्रम कालवले, वर्षानुवर्षांचा नेम कालवला, आणि मग तो शब्द आदराने विद्वानांच्या नावामागे लावला. व्यासंगी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जो माणूस उभा राहतो, त्याच्या ठायी प्रेम किती आणि कष्ट किती याची वाटणी करता येत नाही.

अलीकडे तरुणांना उपदेश करताना ही वाटणी सर्रास केली जाते. काही म्हणतात, आवडीच्या मागे जा, आवड असली की कष्ट जाणवत नाहीत. काही म्हणतात, आवडनिवड हे चोचले आहेत, कष्ट करा म्हणजे झाले. दोन्ही पक्षांनी एकदा बंगळुराच्या बसवनगुडीत फेरफटका मारून यावा.

बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. सोळाव्या शतकात केंपेगौडाने वसवलेल्या गावाच्या दक्षिणेस, एका टेकडीवर, एकाच शिळेत कोरलेला प्रचंड नंदी आहे; त्याच्यावरून या वस्तीला हे नाव पडले. मराठी माणसाला हे शहर अगदीच परके नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने ते जिंकले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत दिले, हा इतिहास शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. बसवनगुडीची वस्ती मात्र त्या मानाने अर्वाचीन आहे. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग शिरला आणि जुन्या पेठांतील दाटीतून माणसे बाहेर काढण्याची निकड निर्माण झाली. रुंद रस्ते, झाडे, अंगण असलेली घरे अशा आखणीच्या ज्या वसाहती त्या सुमारास वाढीस लागल्या, त्यांत मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन प्रमुख. पुण्यात त्याच्याच एक वर्ष आधी प्लेगने काय अनर्थ घडवला होता, हे सांगावयास नको. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापुढे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेतकरी पहिले पीक नंदीला वाहतात. पीक आधी आणि नैवेद्य नंतर, हा क्रम शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही.

या वसाहतीतून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला आज डी. व्ही. जी. यांचे नाव आहे. देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा यांचा जन्म कोलार जिल्ह्यातील मुळबागल येथे १७ मार्च १८८७ रोजी झाला. कन्नड साहित्यात त्यांचे स्थान इतके उंच आहे की, हा मनुष्य मॅट्रिकची परीक्षासुद्धा उत्तीर्ण झाला नव्हता हे ऐकून परप्रांतीयांना नवल वाटते. परीक्षेत अपयश आले, घरची स्थिती बेताची, आणि पोट भरणे आवश्यक. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात त्यांनी सोडावॉटरच्या कारखान्यात काम केले. पुढे ते नोकरीच्या शोधात बंगळुरास आले आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून हिंडू लागले. वृत्तपत्रव्यवसाय हा त्यांचा लहानपणापासूनचा ध्यास होता, असे म्हणण्यास काही आधार नाही. भाकरीचा प्रश्न होता, लिहिता येत होते, आणि लिहिण्याचे पैसे मिळण्याची थोडीफार शक्यता होती. थोरांच्या चरित्रात आपण मागाहून जी हाक आणि जो साद घालतो, ती मूळ जागी बहुधा अशी असते.

परंतु वृत्तपत्रात लिहू लागताच त्यांच्या ध्यानात एक अडचण आली. राज्यकारभारावर मत द्यावयाचे तर राज्यकारभार कळला पाहिजे. दिवाणाने अमुक कर का बसवला, प्रतिनिधिसभेला अधिकार किती, संस्थानाचा आणि ब्रिटिश सत्तेचा करार काय सांगतो, हे ठाऊक नसताना लिहिलेला अग्रलेख म्हणजे नुसता आरडाओरडा. तेव्हा त्यांनी शिकावयास प्रारंभ केला. इंग्रजी राज्यशास्त्राचे ग्रंथ, मिल, बर्क, मोर्ले यांचे लेखन, सरकारी अहवाल, अंदाजपत्रके. हे सर्व कोणत्याही महाविद्यालयाचा उंबरठा न ओलांडता. दुसरीकडे संस्कृत काव्य आणि वेदान्त यांचे अध्ययन त्यांनी हानगल विरूपाक्ष शास्त्री यांच्यासारख्या पंडितांच्या पायाशी बसून केले. आवड आधी आणि अभ्यास मागून, असे इथे दिसत नाही. गरजेपोटी केलेल्या अभ्यासातून गोडी उत्पन्न झाली, आणि ती गोडी मग ८८ वर्षांच्या आयुष्यात ओसरली नाही.

हा काळ म्हैसूर संस्थानातील वृत्तपत्रांना फारसा सुखाचा नव्हता. १९०८ साली वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा तिथे झाला आणि कित्येक पत्रांना गाशा गुंडाळावा लागला. अशा वातावरणात १९१२-१३ च्या सुमारास गुंडप्पांनी 'कर्नाटक' नावाचे इंग्रजी अर्धसाप्ताहिक काढले. त्या वेळी दिवाणपदावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवणारे तेच विश्वेश्वरय्या. संपादक आणि दिवाण यांचा स्नेह जडला, तो आयुष्यभर टिकला. आणि त्या स्नेहामुळे संपादकाच्या लेखणीची धार कमी झाली नाही. सरकारी कामासाठी मानधन म्हणून आलेले धनादेश गुंडप्पांनी शिष्टाचार म्हणून स्वीकारले, पण वटवले नाहीत, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर जुन्या पेटीत सापडले, अशी हकीकत बंगळुरात सांगतात. शासकीय सेवेत हयात घालवलेल्या कोणासही ही हकीकत ऐकून थोडे अस्वस्थ व्हावयास होते. न घेतलेल्या पैशाची पावती फायलीला कशी लावावी, याचा नियम अद्याप कोठेही झालेला नाही.

मात्र या निःस्पृहतेची किंमत कोणी दिली, हेही विचारले पाहिजे. गुंडप्पांच्या पत्नी भागीरथम्मा यांच्याबद्दलची एक आठवण कन्नड घरांतून सांगितली जाते. आप्तांकडे काही कार्य होते. घरातील मंडळी निघाली, त्या निघाल्या नाहीत. कारण विचारता त्यांनी सांगितले की, नेसावयास एकच लुगडे धड होते, तेही आता फाटले आहे. ते नेसून चारचौघांत गेल्यास लोक नवऱ्याला नावे ठेवतील, ते आपल्याला नको. भागीरथम्मा ऐन उमेदीत वारल्या. गुंडप्पांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे त्यांच्या कवितेत पत्नीवियोगाचे दुःख उतरले आणि वाचकांनी त्याचे कौतुक केले. पण ज्या घरात धनादेश पेटीत पडून राहतो त्याच घरात लुगडे फाटलेले असते, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आवडीसाठी केलेल्या कष्टांचा हिशोब एका माणसाच्या नावावर मांडता येत नाही. आपल्या महाराष्ट्रातील संशोधकांच्या, संपादकांच्या, शाळा काढणाऱ्यांच्या घरी याहून निराळे काय होते? चरित्रकार अशा ठिकाणी 'पत्नीची मोलाची साथ' असे एक वाक्य लिहून पुढे जातात.

गुंडप्पांच्या आयुष्यात महाराष्ट्राचा धागा शिरतो तो गोपाळ कृष्ण गोखले यांच्या रूपाने. गोखल्यांचे चरित्र त्यांनी कन्नडात लिहिले, आणि गोखल्यांच्या निधनाला ३० वर्षे होत असताना, १९४५ साली, बंगळुरात 'गोखले सार्वजनिक विचार संस्था' स्थापन केली. कन्नड भाषेच्या या अभिमानी पुरुषाने आपल्या संस्थेला कोतळूकच्या एका कोकणस्थाचे नाव का द्यावे? गोखल्यांचे वक्तृत्व, त्यांचा मवाळपणा, ही कारणे सांगता येतील. पण खरे कारण बहुधा दुसरेच आहे. गोखले हे स्वतः परिश्रमाने घडलेले होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली १८८७ पासून सुमारे १४ वर्षे त्यांनी उमेदवारी केली. सरकारी अहवालांतील आकडे काढावेत, ताडून पाहावेत, टिपण करावे, ते रानड्यांना दाखवावे आणि त्यांनी चूक दाखवली की पुन्हा लिहावे, असा तो क्रम. १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले तेव्हा शिलकी अंदाजपत्रक म्हणजे प्रजेची सुबत्ता नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. सभागृहास ते तेज त्या दिवशी दिसले. त्यामागचा दिवा १४ वर्षे जळत होता. देशभक्ती ही भावना आहे, आणि ती पुष्कळांपाशी असते. तिच्यासाठी मिठावरील कराचे आकडे पाठ करणारे थोडे. गुंडप्पांना त्या थोड्यांची जात ओळखू आली, कारण ते स्वतः त्याच जातीचे होते.

बुल टेंपल रस्त्यावरील या संस्थेत ग्रंथालय उभे राहिले, नियतकालिक निघाले, आणि अभ्यासमंडळ भरू लागले. म्हैसूरच्या कायदेमंडळाचे सदस्य राहिलेला, संस्थानी प्रजेच्या प्रश्नावर १९३१ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिणारा हा गृहस्थ आठवड्यामागून आठवडे तरुणांसमोर बसून कधी बर्क, कधी भगवद्गीता, कधी वाल्मीकी समजावून सांगे. पदवी नव्हती म्हणून त्यांना कोणत्याही विद्यापीठात अध्यापक होता आले नसते. १९६१ साली म्हैसूर विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. दिली. १९७० मध्ये बंगळुरच्या रवींद्र कलाक्षेत्रात त्यांचा सत्कार झाला आणि ९०,००० रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. ती थैली घरी गेली नाही. सगळी रक्कम गोखले संस्थेच्या खात्यात जमा झाली.

त्यांचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथ 'मंकुतिम्मन कग्ग' १९४३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ५६ होते. मंकुतिम्म म्हणजे मंद डोक्याचा तिम्मा, आणि कग्ग म्हणजे अर्थशून्य लांबण. नावातच लेखकाने स्वतःची थट्टा केली आहे. चार ओळींची ९४५ पद्ये, प्रत्येकात दुसऱ्या अक्षराचा प्रास, आणि शेवटी 'मंकुतिम्म' ही नाममुद्रा, आपल्याकडे अभंगाच्या शेवटी तुकोबांची यावी तशी. कर्नाटकात शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत लोक ही पद्ये तोंडपाठ म्हणतात. सहज सुचल्यासारखी वाटतात ती. परंतु प्रासाचे बंधन सांभाळून, वेदान्ताचे सूक्ष्म विचार चार ओळींत बसवणे हे काम सहज होत नसते; त्याच्या मागे ३० वर्षांचे संस्कृत आणि ३० वर्षांची वृत्तपत्रे होती. वृत्तपत्राने त्यांना थोडक्यात लिहावयास शिकवले, हा लाभ पुष्कळ टीकाकारांच्या नजरेतून सुटतो. गीतेवरील त्यांच्या भाष्यास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी ते गेले.

सगळ्यांनीच असे उपाशी राहून व्यासंग करावा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. बसवनगुडीतच, गविपुरम भागात, दुसऱ्या तऱ्हेचा एक मनुष्य राहत असे. मास्ती वेंकटेश अय्यंगार हे इंग्रजीचे एम. ए.; म्हैसूर राज्याच्या मुलकी सेवेत त्यांनी अधिकारी म्हणून दीर्घकाळ काम केले. दिवसा जमाबंदी, तंटे, फिरती. उरलेल्या वेळात कन्नड लघुकथा. त्यांचा पहिला कथासंग्रह १९२० मध्ये निघाला आणि कन्नड लघुकथेचे जनकत्व त्यांच्याकडे आले. छत्रपती शिवाजीमहाराजांवरही त्यांनी नाटक लिहिले आहे. १९४४ च्या सुमारास, आपणास डावलून कनिष्ठास वरची जागा दिली गेली असे वाटून, त्यांनी सेवेचा राजीनामा दिला. अनेक अधिकारी अशा प्रसंगानंतर उरलेले आयुष्य गाऱ्हाणे सांगण्यात घालवतात. मास्तींना ती उसंत नव्हती. त्यांनी 'जीवन' मासिक चालवले, 'चिक्कवीर राजेंद्र' ही कादंबरी १९५६ मध्ये लिहिली आणि १९८३ साली ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. संध्याकाळी क्लबात जाऊन पत्ते खेळण्याचा नेम मात्र त्यांनी मोडला नाही. व्यासंगी माणसाने पत्त्यांना हात लावू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मास्तींचे उदाहरण नोकरदारांना अधिक सोयीचे वाटते, कारण त्यात महिनाअखेरचा पगार आहे. पण सोयीतही एक धोका असतो. कचेरीतून थकून आलेल्या माणसाला कोणी लिहावयास बसवीत नाही. उपाशी संपादकाला निदान छापखान्याची वेळ बसवते. दहा वर्षे 'निवृत्तीनंतर लिहू' म्हणणारे अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात सापडतील, आणि निवृत्तीनंतर ते बागकाम करताना दिसतील. मास्तींनी नोकरीच्या ऐन भरात लिहिले, तेही बदलीच्या गावी, पडवीत, कंदिलाच्या उजेडात लिहावे लागले तरी लिहावे अशा पिढीत.

याच वस्तीत नॅशनल कॉलेज आहे. १९३५ साली गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर गावचा एक गरीब मुलगा इथल्या शाळेत शिकण्यासाठी बंगळुरापर्यंत पायी चालत आला. भाड्याला पैसे नव्हते, हे त्याचे कारण. तो मुलगा पुढे एच. नरसिंहय्या म्हणून प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये त्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातून अणुकेंद्रविज्ञानात डॉक्टरेट मिळवली, १९७२ ते १९७७ या काळात बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले, आणि तरीही २००५ साली मृत्यू येईपर्यंत त्याच महाविद्यालयाच्या वसतिगृहातील एका खोलीत राहिले. १९६२ साली त्यांनी सुरू केलेल्या विज्ञानमंचावर दर आठवड्यास व्याख्यान होत असे. श्रोते येत, कधी कमी, कधी अधिक. व्याख्यान होई.

राहिला गुंडप्पांचा मुलगा. बी. जी. एल. स्वामी हे वनस्पतिशास्त्राचे पदवीधर. शिक्षण संपल्यावर मनासारखी संशोधनाची सोय कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी राहत्या घरीच प्रयोगशाळा थाटली. संपादकाच्या घरात पैसा नव्हता हे वर आलेच आहे. जागा होती, आणि कामाची सवय हवेतच होती. त्यांचा विषय आमरांच्या, म्हणजे ज्यांना इंग्रजीत ऑर्किड म्हणतात त्या वनस्पतींच्या, गर्भाची वाढ. आमरांचे बी धुळीच्या कणासारखे सूक्ष्म, आणि त्यात अन्नाचा साठाच नसतो. त्याच्या पोटातला गर्भ पाहावयाचा तर फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत निरनिराळ्या दिवशी नमुने खुडावेत, ते मेणात बसवावेत, मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढे पातळ काप काढावेत, रंगवावेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्रत्येकाचे चित्र हाताने काढावे. एक काप फाटला तर त्या अवस्थेसाठी पुन्हा पुढचा हंगाम. असल्या कामात स्फूर्तीला करण्यासारखे फार थोडे असते. स्वामींनी ते वर्षानुवर्षे केले आणि त्या कामावर म्हैसूर विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवली. पुढे हार्वर्ड विद्यापीठात आयर्विंग बेली यांच्याजवळ त्यांनी फिजी बेटांतील एका आदिम फुलझाडाचा अभ्यास केला आणि नंतर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. दक्षिण भारतातील डोंगरांतल्या एका झुडपाचे त्यांनी नामकरण केले, ते आपल्या या गुरूच्या नावाने.

विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीच्या रानांत केलेल्या भटकंतीवर त्यांनी 'हसुरु होन्नु', म्हणजे हिरवे सोने, हे पुस्तक कन्नडात लिहिले. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक वाचून माणसे हसतात, हा चमत्कार त्या पुस्तकाने घडवला. त्याला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; वडिलांच्या पुरस्कारानंतर अकरा वर्षांनी, आणि वडील गेल्यानंतर तीन वर्षांनी. पुस्तकातील पानाफुलांची चित्रे स्वामींनी स्वतःच काढलेली आहेत. घरच्या प्रयोगशाळेत बियांचे काप पाहून चित्रे काढता काढता जो हात तयार झाला होता, तोच तो हात.